टांग्याच्या घोड्याच्या पोटांतील जंत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्हांस एका कामानिमित्त मिरा रोड येथें जावें लागलें. हें स्टेशन मुंबईच्या उत्तरेस, ठाणें जिल्ह्यांत आहे, व त्याच्या पूर्वेस नया नगर नांवाची दाट वस्ती आहे. या बाजूस पूर्वीं खाजणें व मिठागरें होतीं. आतां उंच इमारती झाल्या आहेत. तेथें एका भिंतीस लागून माल वाहण्याची एक घोडागाडी सोडलेली होती व घोडा जवळच खुंट्यास बांधलेला होता. घोडा आठ वर्षांचा होता, परंतु दिसावयास म्हातारा. बरगड्या मोजतां याव्या, केस उभे व निस्तेज, पोट मात्र सुटलेलें. गाडीवाल्याशीं बोलतां तो म्हणाला कीं, चंदी पुरती देतों, हरभरा देतों, कोंडा देतों, तरी अंगीं लागत नाहीं. पुलाच्या चढावर उभा राहतो, मग नाइलाजानें चाबूक उचलावा लागतो. माणूस निर्दय नव्हता. बोलतांना त्याचा हात घोड्याच्या मानेवरून फिरत होता. घोड्यापुढें हिरव्या गवताची पेंढी जमिनीवर टाकलेली होती, आणि त्याच जमिनीवर सकाळपासूनची लीद पडलेली होती.

या शेवटच्या वाक्यांत आमचा आजचा बहुतेक धडा आला आहे.

आमच्या मंडळ्यांतील बहुतेक घरें शेतकऱ्यांचीं. त्यांच्या दारीं बैल असतो, घोडा नसतो. म्हणून घोड्याविषयीं आम्ही आजवर फारसें लिहिलें नाहीं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्याही आतां राहिल्या नाहींत. हौसेच्या फेऱ्यांसाठीं त्या चालविणें बेकायदा आहे असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिला. परंतु तेवढ्यानें कामाचे घोडे संपले असें नाहीं. वीटभट्टीवर विटा वाहणारे, बाजाराच्या दिवशीं माल नेणारे, लग्नसराईंत वरातीस जाणारे, माथेरानच्या लाल वाटांवर प्रवासी व सामान नेणारे घोडे व खेंचरें अजून आहेत, आणि ज्या घरांत असा एक घोडा आहे त्या घरांत पुष्कळदां तोच एकटा मिळविता असतो. पांचसहा माणसें त्याच्या पाठीवर जगतात. अशा घोड्याच्या पोटांत दुसरेंच कोणी जगत असेल तर तें त्या घरास परवडणारें नाहीं.

शलमोनाच्या नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत नीतिमान मनुष्य व त्याचा पशु यांविषयीं एक वचन आहे. तें आमच्या उपदेशक बंधूंस पाठ असेल. त्याचा अर्थ आपण दया असा करितों, व तो बरोबरच आहे. परंतु मूळ इब्री भाषेंत तेथें जें क्रियापद आहे त्याचा सरळ अर्थ ‘जाणणें’ असा होतो. नया नगरच्या त्या गाडीवाल्यापाशीं दया होती. चंदी वाढविण्यांत ती दिसत होती. वाढविलेली चंदी कोणाच्या वांट्यास जात होती हें मात्र तो जाणत नव्हता. म्हणून आज आम्ही दयेविषयीं थोडें व जाणण्याविषयीं अधिक लिहिणार आहों.

घोड्याच्या पोटांत राहणारे जंत अनेक जातींचे आहेत. सगळ्यांचीं नांवें शिकण्याचें कारण नाहीं. परंतु एकाची ओळख नीट करून घेतली पाहिजे. त्यास पशुवैद्य स्ट्राँजाइल म्हणतात. त्याच्या मोठ्या व लहान अशा जाती आहेत. मोठ्यांपैकीं सर्वांत घातक जो आहे तो लांबीनें जेमतेम दोन सेंटिमीटर, रंगानें तांबूस करडा. मोठ्या आंतड्याच्या आंतल्या त्वचेचा तो लचका धरितो व तेथील रक्त पितो. मादी अंडीं घालते, तीं लिदीबरोबर बाहेर पडतात. डोळ्यांस तीं दिसत नाहींत. ऊब व ओल मिळाली म्हणजे अंडें फुटून अळी निघते, आणि आठपंधरा दिवसांत ती घोड्याच्या पोटांत जाण्याजोगी होते. मग ती ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसते. पहाटेचें दंव व पावसाची झिमझिम हाच तिचा चालण्याचा काळ. घोड्यानें तें गवत खाल्लें कीं ती आंत गेली.

आंत गेल्यावर ती आंतड्यांतच राहती तर गोष्ट निराळी होती. ती आंतड्याची भिंत फोडून रक्तवाहिनींत शिरते व प्रवाहाच्या उलट चढत चढत जी मोठी रोहिणी सर्व आंतड्यांस रक्त पुरविते तिच्या मुळाशीं जाऊन कित्येक महिने मुक्काम करिते. तेथें रोहिणीची भिंत जाड होते, रक्ताच्या गांठी धरतात. त्यांतला एखादा तुकडा सुटून पुढें अडकला म्हणजे आंतड्याच्या तेवढ्या भागास रक्त मिळेनासें होतें. मग घोड्यास पोटशूळ उठतो. तो पाय आपटतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, घाम सोडतो, लोळतो. धनी म्हणतो कीं पाणी बाधलें किंवा नजर लागली. कित्येकदां हा शूळ तासाभरांत ओसरतो. कित्येकदां घोडा सकाळपर्यंत राहत नाहीं. ही अळी पुन्हां आंतड्यांत उतरून, मोठी होऊन अंडीं घालूं लागेपर्यंत सहासात महिने जातात. म्हणजे आज घोड्यास जो शूळ उठला त्याचें बीं मागच्या पावसाळ्यांत पेरलेलें असूं शकतें.

लहान जाती रोहिणींत जात नाहींत. त्यांच्या अळ्या आंतड्याच्या भिंतींतच कोष करून निजतात, केव्हां केव्हां वर्षाहून अधिक काळ. हजारों अळ्या एकदम बाहेर पडल्या म्हणजे घोड्यास जोराची हगवण लागते, छातीखालीं व पोटाखालीं सूज उतरते, आणि पाहतां पाहतां तो खंगतो. या निजलेल्या अळ्यांपर्यंत बहुतेक औषधें पोंचत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

बाकीच्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. पांढरा गोल जंत मुख्यतः शिंगरांस होतो. तो वीतभर किंवा त्याहूनही लांब असतो, त्याच्या अळ्या फुप्फुसांतून जातात म्हणून शिंगरूं खोकतें, आणि त्याचीं चिकट अंडीं तबेल्याच्या भिंतीस, बादलीस, घोडीच्या आंचळांस चिकटून वर्षानुवर्षें जिवंत राहतात. घोडा शेपटीचें मूळ भिंतीस घांसून केस झडवीत असेल तर गुदद्वाराशीं अंडीं घालणारा बारीक जंत असल्याचा संशय घ्यावा. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर कण घट्ट चिकटलेले दिसले तर तीं मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एका माशीचीं अंडीं होत. तीं घोडा चाटतो व अळ्या त्याच्या जठरास जाऊन चिकटतात. हे कण बोथट सुरीनें खरवडून काढावे.

आतां कोणी विचारील कीं, टांग्याचा घोडा कुरणांत चरतो कोठें? तो दिवसभर गाडीस व रात्रीं खुंट्यास. हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर आरंभीं सांगितलेल्या त्या पेंढींत आहे. कुरण घोड्याकडे येतें. रस्त्याच्या कडेचें, ओढ्याच्या कांठचें, जनावरें बसतात त्या पडजागेचें गवत कापून आणितात. त्यावर दुसऱ्या घोड्यांच्या लिदींतील अळ्या असूं शकतात. शिवाय आपल्याच घोड्याची लीद पायाखालीं आठआठ दिवस सांचते, तींत अळ्या तयार होतात, व त्याच जागीं चारा टाकिला म्हणजे तो स्वतःचेच जंत पुन्हां पुन्हां गिळतो. कोंकणच्या पावसाळ्यांत चार महिने ऊब व ओल कमी पडत नाहीं. देशावर उन्हाळ्यांत कोरड्या उन्हानें अळ्या मरतात. पण तबेल्याच्या सावलींत, मुताच्या ओलीवर, तेथेंही त्यांस आश्रय मिळतो.

म्हणून पहिलें औषध फावडें, दुसरें गव्हाण. लीद रोज उचलावी. एक दिवसही शिळी राहूं देऊं नये. चारा जमिनीवर न टाकितां छातीइतक्या उंचीच्या गव्हाणींत किंवा जाळींत द्यावा, दाणा तोबऱ्यांत द्यावा. गव्हाण बांधण्याची ऐपत नसेल तर जुनें पिंप आडवें कापून दोन दगडी थरांवर ठेविलें तरी चालतें. काढलेली लीद तशीच ओली चाऱ्याच्या वावरांत पसरूं नये. ढीग करून ठेवावी, म्हणजे ढीग आंतून असा तापतो कीं हात घालवत नाहीं, व त्या उष्णतेनें अंडीं व अळ्या मरतात. मधूनमधून ढीग खालींवर करावा, कारण बाहेरचा थर थंडच राहतो. आणखी एक सोईची गोष्ट अशी कीं, घोड्याचे बहुतेक जंत बैलाच्या पोटांत जगत नाहींत व बैलाचे घोड्याच्या. म्हणून ज्या पडींत घोडा चरला तेथें पुढें गुरें चारलीं तर घोड्यासाठीं ती जागा पुष्कळ स्वच्छ होते.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत छावणीच्या स्वच्छतेविषयीं मोशेनें इस्राएल लोकांस जी आज्ञा दिली ती या ठिकाणीं वाचून पाहावी. प्रत्येकाच्या हत्यारांबरोबर खणण्याचें एक साधन असावें, छावणीबाहेर खणावें व मळ झांकावा, असा तिचा भाव आहे. माणसाचे जंत निराळ्या जातीचे आहेत, पण मळांतून मातींत व मातींतून तोंडांत किंवा अनवाणी पायांत, हा मार्ग सारखाच आहे. २०१५ सालापासून सरकार राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतें व अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांस गोळी देतें. आपलीं मुलें त्या दिवशीं घरीं राहूं देऊं नयेत. असो, घोड्याकडे वळूं.

घोड्यास जंत आहेत कीं नाहींत हें ओळखावें कसें? लिदींत जंत दिसले तर प्रश्न मिटला, पण बहुधा दिसत नाहींत. हिरड्या फिक्या, केस निस्तेज, पोट सुटलेलें, वारंवार शूळ, लवकर दम, या खुणा उपयोगी आहेत. तथापि त्या दुसऱ्या रोगांतही आढळतात. खात्रीची रीत म्हणजे अंडीं पाहणें, आणि येथें मिरा-भाईंदरच्या मिठागरांची आठवण होते, कारण ती रीत मिठाची आहे. १९२१ सालीं विलिस नांवाच्या संशोधकानें ती माणसांतील अंकुशकृमीच्या अंड्यांसाठीं प्रसिद्ध केली. एक लिटर गरम पाण्यांत सुमारें साडेतीनशें ते चारशें ग्रॅम मीठ घालावें, म्हणजे शेवटीं थोडें तळाशीं विरघळेनासें होतें. हें पाणी निवूं द्यावें. बोराएवढी ताजी लीद त्यांत कालवून चहाच्या गाळणीनें गाळावी, एका लहान बाटलींत कांठोकांठ भरावी, व पाण्याला टेकेल अशी पातळ कांच वर ठेवावी. मिठाचें पाणी जड, अंडीं हलकीं. दहापंधरा मिनिटांत तीं वर येऊन कांचेस चिकटतात. ती कांच उचलून सूक्ष्मदर्शकाखालीं धरली म्हणजे लांबट, पातळ कवचाचीं, आंत द्राक्षाच्या घडासारखा पुंजका असलेलीं स्ट्राँजाइलचीं अंडीं दिसतात. ज्या गांवच्या शाळेंत सूक्ष्मदर्शक आहे तेथें उपदेशकांनीं मास्तरांच्या मदतीनें मोठ्या मुलांस हा प्रयोग दाखवावा, व नंतर साबणानें सर्वांचे हात धुववावे. न दिसणारी गोष्ट आहे हें एकदां डोळ्यांनीं पाहिलेल्या मुलास पुन्हां सांगावें लागत नाहीं. मात्र निजलेल्या अळ्या या परीक्षेंत सांपडत नाहींत, व पट्टकृमीचीं अंडीं पुष्कळदां निसटतात. म्हणून एकदां कांहीं न दिसलें एवढ्यावरून घोडा निर्दोष ठरवूं नये. अंडीं मोजण्याचें काम पशुवैद्याचें.

आतां औषध. आपल्या आजोबांच्या वेळीं जवसाच्या तेलांत टर्पेंटाइन घालून घोड्यास पाजीत. त्यानें कांहीं जंत पडत, व कांहीं वेळां घोडाही पडे. १९४० च्या सुमारास फिनोथायाझिन आलें, १९६१ सालीं थायाबेंडाझोल, व १९८१ सालीं आयव्हरमेक्टिन. या शेवटच्या औषधाचा उगम मातींत आहे. जपानांतील एका गोल्फच्या मैदानाजवळची माती आणून सातोशी ओमुरा यांनीं तींतील एक जीवाणु वेगळा काढिला, आणि अमेरिकेंत विल्यम कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यापासून औषध सिद्ध केलें. त्याच औषधाच्या योगानें आफ्रिकेंतील नदीकांठच्या असंख्य लोकांचें अंधत्व टळलें. २०१५ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. ज्या मातींतून जंत येतो त्याच मातींत देवानें त्याचें औषधही ठेविलें, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

परंतु औषध मिळालें म्हणून काम झालें असें समजूं नये. नया नगरच्या गाडीवाल्यानें सांगितलें कीं, जंताचें औषध तो दर महिन्यास देत असे. दुकानांतून तेंच एक औषध आणावयाचें व अंदाजानें पाजावयाचें. आमच्या ओळखीच्या एका पशुवैद्यांनीं लीद तपासली तेव्हां ती अंड्यांनीं भरलेली निघाली. त्यांनीं तेंच औषध नीट वजन करून दिलें व चौदा दिवसांनीं पुन्हां लीद पाहिली. अंडीं जवळजवळ पूर्वींइतकींच. औषध त्या घोड्याच्या जंतांस लागू पडेनासें झालें होतें.

असें कां होतें? हजार जंतांत दोनचार असे असतात कीं त्यांस तें औषध बाधत नाहीं. औषधानें बाकीचे मेले, हे उरले; पुढचीं सर्व अंडीं यांचीं. औषध जितक्या वेळां द्यावें तितकी ही निवड पक्की होत जाते, आणि वजनापेक्षां कमी दिलें तर आणखीच लवकर. लहान स्ट्राँजाइल जातींवर थायाबेंडाझोलच्या कुळांतील औषधें जगांत ठिकठिकाणीं निकामी झालीं आहेत. शिंगरांच्या गोल जंतांस आयव्हरमेक्टिन बाधत नाहीं असें २००२ सालीं नेदरलँड्समध्यें प्रथम आढळलें, व पुढें इतर देशांतही. म्हणून महिन्याच्या महिन्यास आंधळेपणानें औषध देणें ही काळजी नव्हे. लीद तपासून, गरज असेल तेव्हां, पुरत्या मापानें द्यावें, व पंधरवड्यानें पुन्हां तपासून तें लागू पडलें कीं नाहीं हें पाहावें.

पुरतें माप म्हणजे वजनाप्रमाणें, आणि घोड्यास कांट्यावर चढविणें कोणास साधतें? त्यास शिंप्याची फीत पुरे. तंग जेथें आवळतात तेथून छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजावा. खांद्याच्या टोंकापासून ढुंगणाच्या टोंकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेरानें गुणावें, त्यास लांबीनें गुणावें, व येणाऱ्या संख्येस ११,८८० नें भागावें. उत्तर किलोंत येतें. घेर १४० व लांबी १३० असेल तर वजन सुमारें २१५ किलो. एवढा आंकडा घेऊन पशुवैद्याकडे जावें. गुरांचें आयव्हरमेक्टिनचें इंजेक्शन घोड्यास टोंचूं नये. त्या जागीं विषारी सूज येऊन घोडे दगावल्याचीं उदाहरणें आहेत. घोड्यासाठीं तोंडावाटे देण्याचें औषध निराळें मिळतें. आणि गोल जंतांनीं गच्च भरलेल्या शिंगरास कोणतेंही औषध स्वतःच्या बुद्धीनें मुळींच देऊं नये, कारण सगळे जंत एकदम मरून त्यांचा गोळा आंतड्यांत अडकतो व शिंगरूं मरतें.

प्रत्येक वाळलेला घोडा जंतांनींच वाळला असेंही नाहीं. लिदींत अख्खे दाणे दिसत असतील तर आधीं दांत पाहावे. दाढांस धार येऊन गाल सोलला कीं घोडा चावीत नाहीं. ताप येऊन जाऊन घोडा खंगत असेल, पाय सुजत असतील, तर सर्रा असूं शकेल. त्याचे सूक्ष्म जंतु ग्रिफिथ इव्हान्स यांनीं १८८० सालीं घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत शोधून काढिले. नाकांतून चिकट पू येत असेल व अंगावर गांठी फुटत असतील तर ग्लँडर्सचा संशय धरावा, त्या घोड्यास हात लावूं नये, व तत्काळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. तो रोग माणसास होतो व जीवघेणा आहे.

नया नगरच्या घोड्यास दुसऱ्या कुळांतील औषध दिलें. गाडीवाल्यानें पिंप कापून गव्हाण केली. लीद त्याचा धाकटा मुलगा सकाळसंध्याकाळ उचलूं लागला. नाताळानंतर आम्ही पुन्हां त्या बाजूस गेलों तेव्हां बरगड्या झांकल्या होत्या व केसांस तुकतुकी आली होती. चंदी तेवढीच होती. घोडा पुलाच्या चढावर आतां थांबत नाहीं असें गाडीवाला म्हणाला. परंतु मधल्या काळांत एकदां शूळ उठून गेला होता हेंही त्यानें सांगितलें. रोहिणीस जी इजा होऊन गेली ती एका औषधानें भरून निघत नाहीं, म्हणून भार कांहीं महिने हलकाच ठेवावा असें पशुवैद्यांनीं त्यास बजाविलें आहे.

ज्यांच्या घरीं घोडा, खेंचर किंवा गाढव आहे त्यांनीं वर्षांतून निदान दोनदां, पावसाळा लागण्यापूर्वीं व पावसाळा संपल्यावर, लीद तपासून घ्यावी. नमुना ताज्या लिदीच्या मधल्या भागांतला घ्यावा, मातीस लागलेला नको. झांकणाच्या स्वच्छ डबींत कांठोकांठ भरावा, उन्हांत ठेवूं नये, व त्याच दिवशीं पोंचवावा. डबीवर घोड्याचें वय, तंगापाशींचा घेर, आणि शेवटचें औषध कोणतें व केव्हां दिलें हें लिहावें.